आपल्या माणसांचा भाव



गणपती जवळ आले की इथे यूकेमधल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो: "आपल्यापैकी कोणी टी-शर्ट छापून देतं का? रिझनेबल रेटमध्ये." पाच मिनिटांत कोणीतरी एखाद्या ताईचं नाव सुचवतं, आणि मग त्या ताईला खासगीत पुढचा मेसेज जातो: "ताई, मंडळाचं काम आहे, आपल्या माणसांना काहीतरी कमी करा ना."

मी व्यवसायाने सीए. घरातून छपाई आणि एम्ब्रॉयडरीचा छोटा धंदा चालवणाऱ्या काही जणींचे हिशेब मी बघते. ते बघून माझं ठाम मत झालंय की आपला हा "आपल्या माणसांचा भाव" बंद व्हायला हवा. रागावू नका, आधी आकडे बघा.

ढोल-ताशा पथकाचे ४० पोलो शर्ट, छातीवर डाव्या बाजूला पाच रंगांचं बोधचिन्ह, असं काम आहे असं धरू. कोरा पोलो ६ पौंडांना. बोधचिन्ह ८,००० टाक्यांचं. घरगुती मशीन मिनिटाला ६०० टाके घालतं असं धरलं तरी एका शर्टाला १३ मिनिटं लागतात. शिवाय एका सुईच्या मशीनवर दर रंगाला दोरा हाताने बदलावा लागतो, म्हणजे मशीन लावून स्वयंपाकघरात जाता येत नाही. शर्ट हूपमध्ये ताणून बसवणं, मागे बॅकिंग लावणं, शेवटी दोरे कापणं, इस्त्री, घडी यांची १२ मिनिटं धरा. झाली २५ मिनिटं.

बाकीचा खर्च दर शर्टामागे असा: दोरा, बॅकिंग, वीज, सुया १ पौंड. मशीनचा घसारा ६० पेन्स. चाळिसात दोन शर्ट बिघडतात, त्यांचे ३० पेन्स. चित्राची मशीनला समजेल अशी फाइल करणं, म्हणजे डिजिटायझिंग, ७५ पेन्स. कोऱ्या शर्टासकट हे झाले ८ पौंड ६५ पेन्स. आणि सगळ्यांचे साइझ गोळा करणं, "माझं एम नको, एल कर" हे मेसेज, पैशांची आठवण, पोचवणं याचे एका ऑर्डरला सहा तास तरी जातात. म्हणजे शर्टामागे आणखी ९ मिनिटं.

आता तुम्ही घासाघीस करून भाव १० पौंडांवर आणलात. ताईच्या हातात एका शर्टामागे उरले १ पौंड ३५ पेन्स, आणि त्यासाठी तिची ३४ मिनिटं गेली. चाळीस शर्टांचे ५४ पौंड, वेळ पावणेतेवीस तास. तासाला २ पौंड ३८ पेन्स! या देशात २१ वर्षांवरच्या नोकरदाराचा किमान वेतनदर एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पौंड झाला. स्वतःचा धंदा करणाऱ्याला तो कायदा लागू नाही, एवढाच काय तो फरक. किमान वेतनाने तिचा वेळ मोजला तर शर्टाचा खर्च साडेपंधरा पौंडांवर जातो, नफा अजून धरलेलाच नाही. म्हणून तिने १८ पौंड सांगितले तर ती तुम्हाला लुटत नाहीये. बरोबर हिशेब करतेय.

बरं, आपलं काम इतरांपेक्षा सोपं असतं का? उलट अवघड असतं. आपल्याला नाव देवनागरीत हवं असतं. बऱ्याच एम्ब्रॉयडरी सॉफ्टवेअरना देवनागरी नीट वाचता येत नाही. "महाराष्ट्र" टाइप केलं की "ष्ट्र"ची फोडणी होते, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मग ताई ते अक्षर चित्र म्हणून घेते आणि टाके हाताने आखते. अक्षर लहान ठेवलं तर अनुस्वाराची नुसती गाठ होते. हे काम कोपऱ्यावरचा दुकानदार करेल का? आणि केलं तर "मंडळ"चं "मंडल" झालेलं त्याला कळेल का?

आता खरा मुद्दा. या बायकांपैकी अनेक जणी नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेल्या आहेत. त्या व्हिसावर नोकरीही करता येते आणि स्वतःचा धंदाही. पण भारतातला दहा वर्षांचा अनुभव इथे कोणी पटकन धरत नाही, शाळा तीनला सुटते, आजी-आजोबा जवळ नाहीत. म्हणून मशीन घेतलं जातं. लोक त्याला "छंद" म्हणतात, कधी कधी नवरासुद्धा.

छंद म्हणण्याची किंमत पुढे कळते. इथलं पूर्ण स्टेट पेन्शन मिळायला साधारण ३५ वर्षांचं नॅशनल इन्शुरन्स लागतं, आणि काहीतरी मिळायला किमान १०. २०२५-२६ च्या करवर्षात धंद्याचा वर्षाचा नफा ६,८४५ पौंड किंवा त्याहून जास्त असेल, तर ते वर्ष वेगळे पैसे न भरता तिच्या खात्यात धरलं जातं. नफा त्याखाली असेल तर आठवड्याला ३.५० पौंड (२०२५-२६ चा दर) स्वतःहून भरून ते वर्ष मिळवता येतं, पण त्यासाठी सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून नोंदणी हवी. या व्हिसावर चाइल्ड बेनिफिट नाही, त्यामुळे त्यातून मिळणारी क्रेडिट्सही नाहीत. म्हणजे तुम्ही भाव पाडता तेव्हा तिचं पेन्शनचं वर्षही पाडता.

"पण मंडळ स्वयंसेवकांवर चालतं, पैसे आणायचे कुठून?" हा प्रश्न मला मान्य आहे. पैसे वाचवायचे असतील तर कामात वाचवा. पाच रंगांऐवजी दोन रंग घ्या. मुलं वर्षभरात वाढतात, त्यांच्या शर्टांना एम्ब्रॉयडरी नको, साधी छपाई चालते. साइझची यादी एकदाच आणि वेळेवर द्या. निम्मे पैसे आगाऊ द्या. एवढं केलंत तर तीच म्हणेल, "चला, दोन पौंड कमी करते."

आणि धंदा करणाऱ्या ताईंनो, तुम्हालाही चार शब्द. एक वही घ्या आणि प्रत्येक ऑर्डरला लागलेले तास लिहा, मेसेजला गेलेला वेळसुद्धा. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. १,००० पौंडांचा ट्रेडिंग अलाउन्स एकूण विक्रीवर मोजतात, नफ्यावर नाही, हे लक्षात असू द्या. कोणी सिनेमातल्या सुपरहिरोचं किंवा क्रिकेट संघाचं बोधचिन्ह छापायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा, कॉपीराइट आणि ट्रेडमार्कची जबाबदारी तुमच्यावर येते. आणि मंडळाला खरोखर मदत करायची असेल तर जरूर करा, पण बिलावर पूर्ण रक्कम लिहा आणि खालच्या ओळीत "मंडळासाठी सवलत" म्हणून वजा करा. दिलेलं दान कागदावर दिसू द्या.

शेवटी मुलांचं. आपण त्यांना शनिवारी मराठी शाळेत नेतो, श्रमाला लाज नसते असं शिकवतो. तीच मुलं सहावीच्या निरोपाच्या हूडीचे पैसे शाळेने सांगितले की आपण निमूट भरतो हे बघतात, आणि मैत्रिणीच्या आईशी दोन पौंडांसाठी घासाघीस करतो हेही बघतात. त्यातून आपल्या भाषेच्या माणसाच्या कामाची किंमत कमी असते एवढंच ती शिकतात.

या गणपतीला ऑर्डर देताना ताईने सांगितलेला भाव एकदा तसाच मान्य करून बघा. तुमच्या मंडळात हे कसं चालतं? धंदा करणाऱ्यांनी आणि ऑर्डर देणाऱ्यांनी, दोघांनीही कमेंटमध्ये लिहा. वेगळं मत असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, फक्त आकड्यांसकट.