परतीची धाव

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ‘बकआय बुलेट’ या विजेवर धावणाऱ्या मोटारीच्या नावावर २००४ या एकाच वर्षी वेगाचे दोन उच्चांक नोंदले गेले. एक ताशी ३१४.९५८ मैलांचा आणि दुसरा ताशी २७१.७३७ मैलांचा. मोटार तीच, मिठाचे मैदान तेच. तरीही दोन आकड्यांत ताशी ४३ मैलांची तफावत. एखाद्या पेढीच्या दोन वह्यांत एकाच खात्याच्या अशा दोन शिलका दिसल्या, तर मुनीमजींना बोलावून विचारणा झाल्याशिवाय राहणार नाही. येथे मात्र दोन्ही वह्या तपासलेल्या आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. फरक आहे तो ताळा घेण्याच्या पद्धतीचा.

पहिला आकडा अमेरिकेच्या राष्ट्रीय उच्चांकाचा. त्या पद्धतीत मोटार एकदा धावते, पात्र ठरली की अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावते. दोन्ही धावा एकाच दिशेच्या. दुसरा आकडा पॅरिस येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांचा. त्यांचे म्हणणे असे, की मोजलेले अंतर एकदा जाताना आणि एकदा उलट दिशेने येताना कापावे आणि या दोन्ही धावा एका तासाच्या आत पूर्ण व्हाव्यात. वारा पाठीशी असेल किंवा जमिनीला किंचित उतार असेल, तर जाताना मिळालेला लाभ परतताना आपोआप वळता होतो. जमेची बाजू आणि नावेची बाजू एकाच पानावर आल्याखेरीज शिल्लक काढायची नाही, हे तत्त्व व्यापारी घरांतील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

सरासरी काढण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. महासंघ दोन वेगांची सरासरी काढत नाही. दोन धावांना लागलेल्या वेळांची सरासरी घेतो आणि तीवरून वेग ठरवतो. समजा, एखादी मोटार जाताना ताशी ३०० मैल आणि येताना ताशी ४०० मैल धावली. घाईने उत्तर देणारा ३५० म्हणेल. खरे उत्तर ३४३ मैलांहूनही थोडे कमी येते. कारण मंद धावेत अधिक वेळ खर्ची पडलेला असतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘हरात्मक माध्य’ हा धडा कंटाळवाणा वाटतो. तो कशासाठी शिकायचा, याचे याहून रोकडे उदाहरण क्रमिक पुस्तकांत सहसा नसते.

ही मोटार बांधणारी मंडळी म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे विद्यार्थी. बकआय हा ओहायो राज्याचा वृक्ष आणि त्या राज्याच्या रहिवाशांचे लाडके टोपणनावही. १९९०च्या दशकात अमेरिकी विद्यापीठांमध्ये विजेवरील मोटारींच्या शर्यती होत असत. ओहायोच्या विद्यार्थ्यांच्या ‘स्मोकिन बकआय’ या मोटारीने त्यांत बरीच बक्षिसे मिळवली. पुढे त्या शर्यतीच बंद पडल्या. स्पर्धाच उरली नाही, तेव्हा विद्यार्थ्यांनी प्रतिस्पर्धी बदलला: समोर दुसरे विद्यापीठ नको, नोंदवहीतला आकडा असू द्या. त्या वेळी विजेवरील मोटारींचा आंतरराष्ट्रीय उच्चांक १९९९ साली ‘व्हाइट लाइटनिंग’ या मोटारीने केलेला, ताशी २४५.५२३ मैलांचा होता.

विजेची मोटार ही आजची टूम आहे असे समजणाऱ्यांसाठी येथे थोडी जुनी वही उघडावी लागेल. जमिनीवरील वेगाचे अगदी पहिले उच्चांक विजेच्याच मोटारींचे आहेत. १८९८ मध्ये पॅरिसजवळ आशेर येथे ताशी ६३.१५ किलोमीटरची नोंद झाली ती विजेच्या मोटारीची. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या कामिय जेनात्झी याने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठून शंभरीची वेस ओलांडली, तीही विजेवरच. १९०२ मध्ये वाफेच्या मोटारीने हा मान हिरावून घेतला. त्यानंतर पेट्रोल आले आणि वीज शतकभर मागे पडली.

पहिल्या बकआय बुलेटमध्ये शक्ती साठवली होती ती निकेल-मेटल हायड्राइडच्या हजारो लहान लहान विद्युतघटांत. असे घट त्या काळी हातात धरून चालवायच्या ड्रिल यंत्रांतही वापरले जात. एकेका घटाची ताकद ती किती! पण हजारो घट योग्य रीतीने जोडले की त्यांच्या बळावर अरुंद, लांबलचक, बंदुकीच्या गोळीसारखी मोटार ताशी ३२१ मैलांपर्यंत गेली. हा तिचा क्षणिक कमाल वेग होता. उच्चांकाच्या रकान्यात तो लिहिला गेला नाही, कारण मोजलेल्या अंतरावर दोनदा सिद्ध झालेलाच वेग ग्राह्य धरला जातो.

अवघड काम असते ते दोन धावांमधल्या त्या तासाचे. युटा राज्यातील बॉनव्हिलचे मैदान म्हणजे प्राचीन सरोवर आटून उरलेला मिठाचा थर. कच्छच्या पांढऱ्या रणात गेलेल्यांना त्या दृश्याची कल्पना येईल. ओहायोतील कोलंबस शहरापासून ते सुमारे ३,००० किलोमीटर दूर आहे. मोटार, सुटे भाग, चार्जिंगची सामग्री, सगळे ट्रकवर लादून न्यायचे. मोटार मैदानाच्या एका टोकाकडून सुटते, मोजलेला मैल ओलांडते, मागे पॅराशूट उघडून वेग उतरवते आणि काही मैलांवर थांबते. तेथून घड्याळ विद्यार्थ्यांच्या विरुद्ध चालू लागते. तापलेली यंत्रणा थंड करायची, वीज पुन्हा भरायची किंवा घट बदलायचे, पॅराशूट घडी घालून जागच्या जागी बसवायचे, टायर बोटांनी चाचपून पाहायचे, मोटारीचे तोंड फिरवायचे. एक पेच ढिला राहिला, तर तो ताशी ३०० मैलांवर कळणार. आणि मोटारीत माणूस बसलेला असतो. चालक रॉजर श्रोअर हे विद्यार्थी नव्हेत, ओहायोतील वाहन-चाचणी केंद्रातील व्यावसायिक चालक आहेत. कॉलेजच्या मुलांनी आवळलेल्या पेचांवर विसंबून ते या मोटारींत बसत आले. विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेली खरी जबाबदारी ही होती. गुणपत्रिकेचा प्रश्न तिच्यापुढे किरकोळ म्हणावा लागेल.

२००४ च्या दोन आकड्यांतील सगळी तफावत या एका तासाच्या माथी मारता येणार नाही. वारा आणि मिठाची स्थितीही रोज वेगळी असते. तरी पुढच्या मोटारींची आखणी होताना परतीच्या धावेचा विचार आरंभापासूनच करावा लागला, हे उघड आहे. जाताना सगळी शक्ती उधळून टाकणारी मोटार या नियमापुढे टिकत नाही.

दुसऱ्या मोटारीत विद्यार्थ्यांनी घट बाजूला ठेवले आणि हायड्रोजनपासून वीज निर्माण करणारे इंधनघट वापरले. ते मुळात शहरी बसगाड्यांसाठी बनवलेले. त्यांना शर्यतीच्या मोटारीत बसवणे म्हणजे बैलगाडीच्या बैलाला टांग्याला जुंपण्यासारखेच. इंधनघट हवेतील प्राणवायू वापरतो. एवढ्या वेगात आणि एवढ्या जागेत साध्या हवेतून तो पुरेसा मिळणे कठीण, म्हणून प्राणवायू आणि हेलियम यांचे मिश्रण टाक्यांत भरून सोबत नेले. सप्टेंबर २००९ मध्ये या मोटारीने ताशी ३०२.८७७ मैलांची आंतरराष्ट्रीय नोंद केली. त्यानंतर तीच मोटार मोडीत न काढता इंधनघट उतरवून तिच्यात लिथियम-आयन घट बसवले गेले आणि २०१० मध्ये ताशी ३०७.६६६ मैलांचा आकडा लागला. पुढच्या मोटारीची यंत्रणा अशी जुन्या सांगाड्यात आधी पारखून घेतली, यातली काटकसर नजरेत भरते.

या साऱ्या काळात काम करणारे हात मात्र बदलत राहिले. भागीदार दर तीन-चार वर्षांनी निवृत्त होतात आणि तरीही व्यवहार थांबत नाही, अशी ही पेढी होती. २००४ च्या मोटारीवर काम करणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी २०१० च्या आधीच पदवी घेऊन बाहेर पडलेला असणार. कोणता भाग का बदलला, कुठली तार कशासाठी तशी वळवली, हे नव्याला सांगून जावे लागते. घरच्या धंद्यात मुलगा वडिलांच्या शेजारी गादीवर बसून वीस वर्षे शिकतो. येथे दोन उन्हाळ्यांत शिकायचे आणि तिसऱ्यात शिकवायचे.

तिसरी मोटार मोनॅकोच्या व्हेंचुरी कंपनीच्या भागीदारीत बांधली गेली. दोन मोटरी, एकत्रित शक्ती ३,००० अश्वशक्तींच्या घरात, घट २,००० हून अधिक, वजन साडेतीन टनांवर. एवढी ताकद कशासाठी, याचे उत्तर हवेच्या विरोधात आहे. तो वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड देणारी शक्ती घनाने वाढवावी लागते. ताशी ३०७ वरून ३४१ मैलांवर जाणे म्हणजे वेगात अवघी अकरा टक्के वाढ. हवेपुरती लागणारी शक्ती मात्र सुमारे छत्तीस-सदतीस टक्क्यांनी वाढते. शेवटचा थोडासा नफा सर्वांत महाग पडतो.

मोटार तयार होती, मीठ तयार नव्हते. २०१३ मध्ये मैदानावर पाणी साचले. २०१४ आणि २०१५ मध्ये मैदानाची अवस्था इतकी वाईट होती, की बॉनव्हिलचा १९४९ पासून चालत आलेला प्रसिद्ध ‘स्पीड वीक’ दोन्ही वर्षी रद्द करावा लागला. मिठाचा थर वर्षानुवर्षे पातळ होत चालल्याची तक्रार तेथील जाणती मंडळी करतात. ओहायोचा चमू या वर्षांतही मैदानावर गेला, पण त्या पृष्ठभागावर पूर्ण शक्ती लावणे शक्य झाले नाही. तीन उन्हाळे असे गेले. या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांनी आपली मोटार पूर्ण वेगाने धावताना विद्यार्थी म्हणून पाहिलीच नाही. त्यांनी आवळलेले पेच मात्र तिच्यात होते.

१९ सप्टेंबर २०१६ रोजी मीठ कोरडे मिळाले. श्रोअर यांनी मोटार नेली आणि ठरलेल्या तासात परत आणली. दोन्ही धावांची मिळून नोंद झाली ताशी ३४१.४ मैलांची, म्हणजे सुमारे ५४९ किलोमीटरची. मोजलेला मैल पार करायला या वेगाने साडेदहा सेकंद लागतात. क्षणिक कमाल वेग ३५८ मैलांचा होता. मोटार आखली गेली ती ४०० मैलांचे लक्ष्य समोर ठेवून. महासंघाच्या नोंदीत ३४१.४ लिहिले गेले. ४०० चा रकाना कोराच राहिला.