आशा, अपेक्षा आणि आवर्तन

"येत्या दोन दिवसांत पाऊस अपेक्षित." पेपरातलं हे वाक्य मला दर वेळी खटकतं. अपेक्षा ठेवायची ती माणसाकडून, ज्याने शब्द दिलाय किंवा ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याच्याकडून. पावसाने कुठे कोणाला शब्द दिलाय?

शिरूर-दौंडकडे हा फरक शिकवावा लागत नाही. पर्जन्यछायेतला मुलूख. पावसाची इथे आशा असते. जून कोरडा गेला की तिची आस होते. कॅनॉलचं पाणी ही मात्र अपेक्षा. दौंडला खडकवासल्याचा कालवा, शिरूरला चासकमानचा. आवर्तन कधी सोडायचं ते बैठकीत ठरतं, तिथे माणसं बसलेली असतात, त्यांना जाब विचारता येतो. "पाणी येणार" म्हटलं की लोक बांध-दारी नीट करायला लागतात. "येईल" म्हणणारा नुसताच वर बघतो.

आणि वाट पाहायची तर आधी वाट हवी. (वाट लागणं वेगळं!) दौंड जंक्शनवर गाडीची वाट पाहतात, कारण उशिरा का होईना, ती रुळांवरूनच येणार असते.

हवामान खातं बिचारं "अंदाज" म्हणतं, ते मला आवडतं. चुकण्याची मुभा त्या शब्दातच आहे. २००२ साली खात्याने देशभरात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला होता, पडला ८१ टक्के. जुलैत तर निम्म्याच्या आसपास. केवढी टिंगल झाली तेव्हा! पण आपणही अंदाज ऐकतो आणि मनात त्याचं भाकीत करून टाकतो. भाकीत म्हणजे बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी: अक्षय्य तृतीयेला घट मांडायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे बघून पाऊस-पीक सांगायचं. मानायचं तर माना, पण निदान शब्द तरी चोख आहे.

असो. पावसाला "अपेक्षित" म्हटल्याने फारसं कोणाचं बिघडत नाही. उलटी चूक महागात पडते. "शेतकऱ्यांना आवर्तनाची आशा" असंही छापून येतं. ऊस वाळत असताना हक्काच्या पाण्याला आशा म्हटलं, की ते सोडणाऱ्याचे उपकार होतात आणि न सोडणारा पावसासारखा लहरी ठरतो. मग त्याला विचारणार तरी काय?