सांबार पुरे

कुंभकोणमहून मयिलादुतुरैला जाताना आडुतुरै लागते. तमिळनाडूत हे नाव भातामुळे माहीत आहे. इथल्या संशोधन केंद्रातून निघालेली एडीटी ४३ आमच्याही शेतात होते. घरात आम्ही मराठी बोलतो, लिहितो मात्र तमिळ लिपीत. देवनागरी मी लग्नानंतर शिकले.

दोन वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीने ‘तंजावरी मराठी’वर लेख मागितला. मी ‘देवेंद्र कुरवंजी’वर लिहिला. छापून आले सांबार.

ती गोष्ट तुम्हीही वाचली असेल. संभाजीराजे तंजावरला आले, मुदपाकखान्यात कोकम नव्हते, आमटीत चिंच पडली आणि सांबार झाले. त्या काळचा एकही कागद कुणी पुढे करत नाही. तरी दरवर्षी नव्या छायाचित्रासह हीच गोष्ट परत येते. सोबत आश्चर्य: अजून मराठी बोलतात हो!

कापला गेलेला मजकूर असा होता. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी कुरवर बाई येते. दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८–१८३२) नावावर असलेल्या या मराठी कुरवंजीत गाण्यांतून जगाचा भूगोल सांगितला आहे. म्हणजे ‘दर्पण’ निघाले त्या १८३२ सालापर्यंत कावेरीकाठी मराठीतून दूरदेशांची खबर गायली जात होती. वर्तमानपत्राला यात बातमी दिसू नये?

साहित्यवाल्यांनाही मी सोडत नाही. रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला, कारण सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले. आमच्या शहाजीराजांनी (१६८४–१७१२) त्याआधी सव्वाशे वर्षे तरी मराठी नाटके लिहिली. शिवाय ‘पंचभाषाविलास’ हे पाच भाषांतले नाटक. अभ्यासकांना हे ठाऊक आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाने तंजावरची मराठी नाटके छापलीही आहेत. तरी पाठ्यपुस्तकात आम्ही तळटीपच.

पोलंडमध्ये रिशार्ड कापुश्चिन्स्की आणि हान्ना क्राल यांची वार्तापत्रे साहित्य म्हणून वाचतात. म्हणूनच २०१० साली कापुश्चिन्स्कीच्या चरित्रात त्याने पदरचे किती घातले हा प्रश्न आला, तेव्हा तिथे मोठे वादळ उठले. आपल्याकडे सांबारावर कोण भांडले? आम्ही भांडण्याच्याही लायकीचे नाही, गोड मानून घेण्याचे.

वार्ताहर आला तेव्हा सासूबाईंना म्हणाला, “आजी, काहीतरी जुने मराठी बोला ना.” त्या सकाळीच धान्य खरेदी केंद्रावरून आल्या होत्या, ओलाव्यावरून भात परत पाठवला होता, त्यावर अर्धा तास बोलल्या. मराठीतच. त्याने टिपून घेतले नाही. माझी भाची मराठीला तमिळमधून उत्तर देते, तेही त्याने विचारले नाही.

कापलेला लेख माझ्याजवळ आहे. आता त्यात ओल्या भाताची हकीकत घातली आहे. ज्यांना छापायचा असेल त्यांनी आधी तो सबंध वाचावा.