जुने खोके, नवा स्वर

गणरायाच्या आगमनाची चाहूल लागली, की मंडळांच्या कोठीतून ध्वनिवर्धकांची जुनी लाकडी खोकी बाहेर निघतात. लाकूड शाबूत असते, पण आतल्या स्पीकरचा कागदी शंकू फाटलेला असतो. मग त्या जागी अधिक वॅटचा नवा स्पीकर बसविला जातो. हा जीर्णोद्धार आम्हांला स्वागतार्हच वाटतो. मात्र तो डोळसपणे व्हावा.

भोकात बसला म्हणजे स्पीकर खोक्याला मानवला, असे नव्हे. खोक्यातील हवा शंकूमागे स्प्रिंगसारखी काम करते. नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ऑस्ट्रेलियात याचे गणित मांडले. खोक्याचे घनफळ व झरोक्याच्या नळीची लांबी त्या त्या स्पीकरच्या गुणधर्मांवरून ठरवावी लागते. मेळ चुकला, की आवाज नुसता घुमतो आणि आरतीचे शब्द त्यात बुडून जातात. शिवाय वॅट दुप्पट केले, तरी वाढ होते ती जेमतेम 3 डेसिबलची!

म्हणून खरेदीपूर्वी खोके मोजावे, नव्या स्पीकरचा तक्ता जाणकाराला दाखवावा, गरज पडल्यास नळी बदलावी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. तेव्हा वर्गणीचा पैसा दणदणाटावर न उधळता स्पष्टतेवर खर्च व्हावा, अशी कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. विद्येच्या देवतेसमोर निदान शब्द तरी नीट ऐकू यावेत!