‘पिक अप’ आणि उचल

इंग्रजीच्या गाइडात ‘पिक अप’समोर एकतर ‘उचलणे’ एवढेच छापलेले असते, नाहीतर आकडे घालून आठ-दहा अर्थांची यादी. पोरे ती यादी घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. हे परळीत घडावे, याचे जास्त वाईट वाटते.

कारण बीड जिल्ह्यात ‘उचल’ कुणाला शिकवावी लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ती उचल. तिच्यापायी दरवर्षी हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. अशा घरातले पोर दिवसभर काय बोलते ते ऐका. मोळी उचलली, फोन उचलला, पोलिसांनी अमक्याला उचलले, धाकट्याने शिवी लगेच उचलली. ‘उचलून धरणे’ म्हणजे पाठिंबा आणि दुखण्याने ‘उचल खाणे’ म्हणजे ते पुन्हा बळावणे, हेही त्याला ठाऊक असते. यासाठी त्याला कुणी यादी दिली नव्हती.

मोळी, फोन, पोलीस, कानावर पडून आलेली भाषा, या चारही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ चालते. गाडीला पिकअप नाही, हे तर गॅरेजातला पोरगाही सांगतो. स्टँडवरून पाहुण्याला आणायचे झाले की मात्र वाट वेगळी होते. तिथे आपण ‘घेऊन ये’ म्हणतो, इंग्रजी ‘पिक अप’च म्हणते.

स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला हेच जड जाते. त्याच्या भाषेत बहुतेकदा वस्तू उचलायला एक क्रियापद, फोन घ्यायला दुसरे, शिकायला तिसरे. क्रियापदामागे ‘अप’, ‘ऑफ’ लावून अर्थ फिरवायची रीत तिथे जवळपास नाहीच. आपल्याकडे तिच्या जवळची रीत आहे. ‘करून टाक’मध्ये काही टाकायचे नसते, ‘करून बघ’मध्ये डोळ्यांनी बघायचे नसते. ‘ईट अप’मधला ‘अप’ही तसाच; त्यात वर काही जात नाही, ताटातले संपवायचे असते. ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की निम्मे काम होते.

उरते ती एक खरी अडचण. ‘पिक अप द बॅग’ चालते, ‘पिक द बॅग अप’ही चालते, पण बॅगेच्या जागी ‘इट’ आले की ‘पिक इट अप’ एवढेच बरोबर. मराठी मुले इथे हमखास चुकतात. नियम एकदा सांगावा आणि पुढे तोंडी वाक्ये करून घ्यावीत. यादीत हा नियम बहुधा नसतोच.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. पंचवीस वर्षे उलटली, तरी बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुले अजून क्लासमध्ये याद्याच पाठ करताना दिसतात.

ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली मुले दिवाळीनंतर शाळेत नसतात. ती परततात कारखान्याचा हंगाम आटोपल्यावर. परळी तालुक्यातल्या गुरुजींना आणि बाईंना म्हणून विनंती आहे, की पहिल्या सत्रात यादी बाजूला ठेवा. एक क्रियापद घ्या, त्याची वाक्ये मुलांच्याच तोंडून मराठीत काढून घ्या आणि मग इंग्रजीकडे वळा.