सोडून दिलेला मासा

‘आम्ही कुठे मासा खातो? पकडतो आणि लगेच सोडून देतो.’ परदेशी गेलेल्या आपल्या मुलांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्याचं उत्तर लिहूनच द्यावं म्हणते. कारण हे वाक्य कानावर पडलं की आपण बायका निवांत होतो. खात नाही ना, मग झालं!

माझा भाचा सिएटलला असतो. येत्या फेब्रुवारीत तो आणि त्याचे तीन मित्र ऑलिम्पिक द्वीपकल्पातल्या होह नदीवर ‘स्टीलहेड’ पकडायला निघालेत. दोन बोटी, दोन गाइड, फोर्क्स गावात मुक्काम, परवाने, छातीपर्यंतच्या रबरी विजारी, नदीच्या पाण्याचा रोजचा अंदाज, सगळं टिपून ठेवलंय. आठ वर्षांच्या लेकीलाही नेणार आहेत. आणि ताईकडे मागणी काय? चार दिवस टिकतील असे खाकरे, मेथीचे ठेपले, कोरडी चटणी. ‘लसूण अजिबात नको हं आई.’

ठेपल्यात लसूण चालत नाही आणि हातात गळ चालतो, हा कुठला धर्म?

आधी हा मासा कोण ते समजून घ्या. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाणारा रेनबो ट्राउट. गोड्या पाण्यात जन्मतो, लहानपणी तिथेच वाढतो, मग समुद्रात जातो. वयात आला की पुष्कळदा आपल्याच जन्मनदीत परततो, अंडी घालायला. हिवाळी स्टीलहेड साधारण नोव्हेंबर ते एप्रिल नदीत शिरतात. पॅसिफिकचे बहुतेक सामन अंडी घालून मरतात, पण स्टीलहेडमधले काही पुन्हा समुद्र गाठतात आणि परत येतात. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर ही बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक. तिला वाटेत गाठायचं, ओठात लोखंड अडकवायचं, दमून लोळागोळा होईस्तोवर ओढायचं, फोटो काढायचा आणि म्हणायचं, ‘जा बाई आता, सोडलं तुला.’ कुठल्या बाईला हे उपकार वाटतील?

मुलं म्हणतात, नियम कडक आहेत. खरंच आहेत. गळाला उलटा दात नसावा, जंगली स्टीलहेड पाण्याबाहेर काढू नये, असा तिथला कायदा आहे. पण हे नियम का करावे लागले? सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही, म्हणून. मासे घटले तेव्हा, 2020च्या डिसेंबरात, वॉशिंग्टन राज्याने किनाऱ्याच्या नद्यांवर बोटीतून गळ टाकायलाही मनाई केली होती. ‘सोडला म्हणजे काही झालं नाही’ यावर तिथल्या सरकारचा विश्वास नाही. आपला मात्र बसतो!

आता आपल्या घरचं बघू. सप्तव्यसनं आपण लहानपणी पाठ केली. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्रीगमन. मांस वेगळं मोजलंय आणि शिकार वेगळी. का? शिकारीतला दोष ताटात संपत नाही, हे सांगणाऱ्यांना ठाऊक होतं. शिकार वाईट ती तिच्यातल्या मजेमुळेही. म्हणून ‘आम्ही खात नाही’ हे उत्तरच होत नाही. ते दुसऱ्याच व्यसनाचं उत्तर आहे.

तेही राहू द्या. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारहाण करणं, अंग छेदणं, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. यातल्या एकातही जीव घ्यावा लागत नाही. प्राणी जिवंत ठेवूनही व्रताला डाग लागतो, हेच तर ही यादी सांगते. दोरीने अडवलेला, ओठ छेदलेला, शक्तीबाहेर पळवलेला मासा मला तरी या यादीत स्वच्छ दिसतो.

चूल पेटवताना, शेती करताना, धंद्यात जी हिंसा घडते ती गृहस्थाला पुरती टळत नाही. पण जाणूनबुजून, ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायचीच असते. आणि इथे तर महिनाभर आधीपासून ठरवणंच चाललंय! बोट ठरवली, गाइड ठरवला, जागा ठरवली. याहून संकल्प वेगळा काय असतो?

त्या हौशी लोकांच्या बाजूचं खरं तेही सांगते. नदी वाचली पाहिजे हे त्यांना कळतं. तिथल्याच एल्व्हा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014मध्ये पाडली गेली. ती मागणी पिढ्यान्‌पिढ्या लावून धरली ती क्लॅलम आदिवासींनी, पण गळ टाकणारेही त्यांच्या बाजूने बोलले. पोटासाठी मासा धरणाऱ्या आदिवासींशी माझं भांडण नाही. माझं भांडण खाकऱ्याचा डबा घेऊन गळ टाकणाऱ्यांशी आहे. नदीवर प्रेम आहे ना? मग गळाशिवाय करा. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मासे देवीचे, म्हणून कुणी धरत नाही. लोक काठावर बसून त्यांना चुरमुरे टाकतात. मासे हाताशी येतात आणि पोरं हरखून जातात. तिथे कुणाला गळाची गरज पडत नाही.

आमच्या अकोट्याच्या मातीत जीवंतस्वामींची सहाव्या शतकातली कांस्यमूर्ती सापडली. ती आज वडोदऱ्याच्या संग्रहालयात आहे. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने. अजून घर सोडलेलं नाही, राजपुत्रच आहे. तरी ध्यानात निश्चल उभा आहे. संयम दीक्षेनंतर बघू, असं ती मूर्ती म्हणत नाही. ऐश्वर्यात असतानाच हात आवरायचा असतो.

मैत्रिणींनो, आपण बटाट्यावरून सुनेला बोलतो, सूर्यास्तानंतर घास गेला तर हळहळतो. मग गळाच्या बाबतीतच गप्प का? मुलगा दुखावेल म्हणून? आठ वर्षांची नात तिथे काय शिकणार आहे? तडफडणाऱ्या जिवाला हातात धरून हसायचं, आणि मग सोडून दिलं की आपण दयाळू. हे एकदा अंगवळणी पडलं की पुढे कितीही पाठशाळा घाला, उपयोग नाही.

ताईला मी स्पष्ट सांगितलंय, तुम्हालाही सांगते. ठेपले जरूर करा, प्रेमाने करा. पण डबा भरायच्या आधी विचारा, ‘कुठे निघालास रे बाळा?’ नदी बघायला निघाला असेल तर दोन जास्त घाला. गळ टाकायला निघाला असेल, तर म्हणावं, आईचा डबा त्या बोटीत चढणार नाही.