शुश्रूषेचे उपेक्षित अंग

स्तनाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या स्त्रीचे केस पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांत बहुधा गळू लागतात, पुढे भुवया विरळ होतात, नखे काळवंडतात, आणि अशा वेळी तिने आपल्या रूपाविषयी काही विचारलेच, तर ‘आधी जीव वाचू दे, बाकीचे मग पाहू’ असे उत्तर तिला आप्तांकडून आणि कित्येकदा इस्पितळातूनही मिळते. हे उत्तर सद्हेतूचे असले तरी अपुरे आहे.

ज्या समाजात मुंडित मस्तक हे पिढ्यान्‌पिढ्या वैधव्याचे चिन्ह मानले गेले, आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईच्या नाभिकांना करावा लागला, त्या समाजात केस जाण्याचे दुःख केवळ हौसेचे कसे मानावे? केस जातील या भयाने किमो नाकारणाऱ्या स्त्रियाही आढळतात. म्हणजे रूपाची चिंता थेट प्राणरक्षणाच्याच आड येते.

शिवाय उपचारांच्या काळात घ्यायची रूपाची निगा म्हणजे निव्वळ प्रसाधन नव्हे. शेक, म्हणजे किरणोपचार, चालू असता त्या जागी कोमट पाणी, सौम्य साबण आणि सैल सुती वस्त्र वापरावे, डॉक्टरांना विचारल्यावाचून लेप किंवा मलम लावू नये. काखेतील गाठी काढल्या असल्यास त्या बाजूच्या हाताला वॅक्सिंग करताना किंवा नखांभोवतीची कातडी कापताना होणारी बारीकशी जखमही टाळावी, कारण जंतुसंसर्गातून तो हात कायमचा सुजू शकतो. आणि योग्य वजनाचा कृत्रिम स्तन केवळ ब्लाउज नीट बसावा म्हणून नव्हे, तर खांद्यांचा तोल सांभाळण्यासाठीही उपयोगी पडतो. इतके मोलाचे ज्ञान शेजारच्या खाटेवरील रुग्णाकडून योगायोगाने मिळावे, हे उचित नाही. अमेरिकेत १९८९ पासून ‘लुक गुड फील बेटर’ या उपक्रमात प्रसाधनतज्ज्ञ अशा स्त्रियांना त्वचेची निगा, भुवया रेखणे आणि टोप वापरणे विनामूल्य शिकवीत आले आहेत.

२०२२ या एका वर्षात भारतातील १ लाख ९० हजारांहून अधिक स्त्रियांना हा रोग नव्याने जडल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. म्हणून प्रत्येक कर्करोग-विभागात या निगेसाठी प्रशिक्षित परिचारिका नेमावी, उपचारांच्या कागदपत्रांसोबत मराठीतून लेखी सूचना द्याव्यात, आणि केसांचा टोप व कृत्रिम स्तन यांच्या खर्चाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत निःसंदिग्ध तरतूद असावी. रुग्णाला जगवण्याची जबाबदारी सरकारने पत्करली आहे, तर तिला संकोचावाचून चारचौघांत वावरता यावे, हीदेखील त्याच जबाबदारीतली बाब होय.